मदत हवी आहे: वर्डप्रेसवर व्हिडिओ चढत नाही, चढला तर निम्म्यांना नुसता आवाज

टाकदौत
मोडी लिपीचे धडे स्वतःच्या वर्डप्रेस साइटवर टाकतेय. सात मिनिटांचा एक भाग, फाइल ४२० एमबी. अपलोडची पट्टी बरीच पुढे सरकते आणि मग एरर. मर्यादा ५१२ एमबी करून ठेवली आहे. एक मिनिटाचा तुकडा मात्र चढला, पण वर्गातल्या निम्म्या लोकांना पडदा काळा आणि नुसता आवाज. प्लगइन बदलून पाहिलं, फरक नाही. शनिवारी बॅच सुरू होतेय, लोकांनी फी भरली आहे. कुठलं प्लगइन घेऊ तेवढं सांगा.

सर्व्हरवाला
प्लगइनचं नंतर बघू. एररचा आकडा काय? होस्टिंग शेअर्ड (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) की व्हीपीएस (तुमच्यासाठी राखलेला हिस्सा)? मर्यादा कुठे वाढवली, एचटीअ‍ॅक्सेस या सेटिंगच्या फाइलमध्ये की सीपॅनलमधून, म्हणजे होस्टिंगच्या नियंत्रण पानावरून? आणि वर्डप्रेसला ती दिसतेय का? टूल्स, साइट हेल्थ, इन्फो, मीडिया हँडलिंग इथे जा. तिथे अपलोड फाइलची आणि पोस्ट डेटाची (एका वेळी पाठवलेल्या सगळ्या माहितीची) कमाल मर्यादा असे दोन वेगळे आकडे दिसतील. पोस्टचा आकडा अपलोडपेक्षा थोडा मोठाच लागतो. तो लहान राहिला तर अपलोडला ५१२ लिहून काही उपयोग नाही.

पार्लेपूर्व
एवढा खटाटोप कशाला? यूट्यूबवर अनलिस्टेड (शोधात न दिसणारा) टाका, लिंक घ्या, वर्डप्रेसच्या लेखात एका स्वतंत्र ओळीवर नुसती पेस्ट करा. प्लेअर आपोआप येतो, प्लगइन लागतच नाही. ज्याचं नेट जसं असेल तसा दर्जा यूट्यूब स्वतः ठरवतं. लोकलमध्ये बसून बघणाऱ्याला हेच सोयीचं.

फितीवाला
४२० भागिले ७, म्हणजे मिनिटाला ६० एमबी. आयफोनवर १०८०पी, सेकंदाला ३० फ्रेम, हाय एफिशियन्सी, असं शूट केलंय ना? फाइल एमओव्ही असणार. काळा पडदा त्यामुळेच. ते चित्र एचईव्हीसी म्हणजे एच २६५ मध्ये बांधलेलं असतं. ते उलगडायची सोय ज्यांच्या मशीनमध्ये किंवा ब्राउझरमध्ये नाही त्यांना फक्त आवाज मिळतो, कारण आवाज एएसीमध्ये असतो आणि तो सगळीकडे चालतो. प्लेअरचं प्लगइन कितीही बदला, आतली फाइल तीच राहते.

टाकदौत
हो, आयफोनच आहे. साइट हेल्थमध्ये दोन्ही आकडे ५१२ दिसतात. एरर ४१३. होस्टिंग शेअर्ड. यूट्यूब नको आहे, लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते.

सर्व्हरवाला
४१३ म्हणजे फाइल दारातच अडवली गेली. वर्डप्रेसला ५१२ दिसतंय, म्हणजे अडवणारा पीएचपीच्या (वर्डप्रेस ज्यावर चालतं त्याच्या) अलीकडे कोणीतरी आहे. साइटच्या पुढे सीडीएन (साइट आणि वाचक यांच्यामध्ये बसणारी वाटप-सेवा) लावलाय का? ब्राउझरमध्ये एफ १२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा, पुन्हा अपलोड करा. एसिंक-अपलोड नावाची जी ओळ लाल होईल तिच्या रिस्पॉन्स हेडरमध्ये 'सर्व्हर'पुढे काय लिहिलंय ते बघून सांगा.

टाकदौत
क्लाउडफ्लेअर लिहिलंय. साइट बनवणाऱ्याने लावून दिलं होतं, मोफतवालं. त्याचा इथे काय संबंध?

सर्व्हरवाला
हेच आधी सांगायला हवं होतं. त्यांच्या फ्री आणि प्रो प्लॅनवर एका रिक्वेस्टमधून १०० एमबीपेक्षा जास्त वर चढवता येत नाही. बिझनेसवर २०० आहे. हे जाहीर बंधन आहे, बिघाड नव्हे. ६० एमबीचा तुकडा चढला आणि ४२० चा अडला तो याच कारणाने.

तीन वाटा आहेत. पहिली: क्लाउडफ्लेअरच्या डीएनएस पानावरचा नारंगी ढग राखाडी करा, म्हणजे फाइल त्यांना वगळून थेट होस्टकडे जाईल, पाचेक मिनिटं थांबा, अपलोड करा, ढग परत नारंगी करा. ही वाट मला पसंत नाही. तुमच्या होस्टवर स्वतःचं एसएसएल (सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र) नसेल आणि क्लाउडफ्लेअरमध्ये 'फ्लेक्सिबल' मोड असेल, तर ढग राखाडी करताच साइटवर 'असुरक्षित'चा इशारा येईल.

दुसरी: बिग फाइल अपलोड्स हे प्लगइन. ते फाइलचे लहान तुकडे करून पाठवतं, त्यामुळे प्रत्येक रिक्वेस्ट १०० च्या आत राहते. सेटिंगमधला तुकड्याचा आकार तपासून घ्या.

तिसरी, आणि मी हीच सांगेन: फाइलझिला या प्रोग्रामने एसएफटीपी, म्हणजे ब्राउझरशिवाय फाइल थेट सर्व्हरवर पाठवणं. होस्टच्या जागी डोमेन टाकू नका, कारण ते ढगाकडे नेतं आणि जोडणी होत नाही. सीपॅनलमधला सर्व्हरचा आयपी टाका. अपलोड्स फोल्डरमध्ये 'धडे' अशा अर्थाचं एक वेगळं फोल्डर करा, नाव रोमन लिपीत, मध्ये स्पेस नको. फाइल तिथे ठेवा, मग लेखात व्हिडिओ ब्लॉक घेऊन 'इन्सर्ट फ्रॉम यूआरएल' निवडा. मीडिया लायब्ररीत नोंद झाली नाही तरी प्लेअरला फरक पडत नाही.

फितीवाला
थांबा, ४२० एमबीची फाइल चढवायचीच कशाला? आधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्राममधून काढा, मोफत आहे. प्रीसेट 'फास्ट १०८०पी३०'. समरी टॅबमध्ये एमपी४, आणि 'वेब ऑप्टिमाइज्ड'वर टिक. ही टिक विसरली तर फाइलची अनुक्रमणिका शेवटी राहते आणि ब्राउझर ती शोधत बसतो. व्हिडिओ टॅबमध्ये एच २६४, आरएफ (दर्जाचा आकडा) २३, एन्कोडर प्रीसेट 'स्लो', फ्रेमरेट १५. आवाज एएसी, मोनो, ९६. कागद आणि हात एवढंच चित्र असतं, पार्श्वभूमी हलत नाही, त्यामुळे बिटरेट (दर सेकंदाला लागणारा डेटा) आपोआप खाली येतो. सेकंदाला ८०० किलोबिटच्या आसपास आला तर सात मिनिटांची फाइल ४२ एमबी होते. मग १०० चा प्रश्नच उरत नाही.

आकार कमी करायला ४८०पी करू नका. टाकाची बारीक रेघ सगळ्यात आधी पुसली जाते, आणि मोडीत तीच वाचायची असते.

बोरूबहाद्दर
फ्रेमरेट १५ ला माझा ठाम विरोध. मोडीत आधी शिरोरेघ ओढून घेतात आणि मग हात फारसा न उचलता अक्षरं लिहीत जातात. कुठल्या बाजूने वळण घेतलं हेच तर विद्यार्थ्याला बघायचं असतं. १५ वर ते वळण तुटक दिसतं. २५ ठेवा.

फितीवाला
स्थिर चित्रात १५ पुरतं, फाइलही लहान होते.

बोरूबहाद्दर
कागद स्थिर आहे हो, हात नाही. शिकवायचा हातच आहे. फाइल थोडी वाढली तर वाढू दे.

फितीवाला
ठीक, लिपीचं तुम्हाला जास्त कळतं. २५ करा, आरएफ २३ च राहू दे. पण मग शूटिंगच २५ वर करा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली किंवा स्वस्त एलईडीखाली ३० फ्रेमने शूट केलं तर कागदावर उजेडाचे पट्टे सरकताना दिसतात. पांढऱ्या कागदावर ते फारच खुपतात. आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ, तिथे 'शो पाल फॉरमॅट्स' सुरू केलं की २५ चा पर्याय येतो. त्याच पानावर 'एचडीआर व्हिडिओ' बंद करा, नाहीतर एच २६४ करताना रंग फिके पडू शकतात. आणि कॅमेरा, फॉरमॅट्समध्ये 'मोस्ट कंपॅटिबल'.

चाफेकळी
सबटायटल्स विसरू नका. वर्डप्रेसच्या व्हिडिओ ब्लॉकमध्ये 'टेक्स्ट ट्रॅक्स' आहे, तिथे सबटायटलची व्हीटीटी फाइल जोडता येते. एसआरटी हा सबटायटलचा दुसरा प्रकार असेल तर तीन बदल करा: पहिली ओळ फक्त वेबव्हीटीटी, रोमन मोठ्या अक्षरांत. त्याखाली एक रिकामी ओळ. वेळेत सेकंदांनंतरचा स्वल्पविराम काढून तिथे टिंब. फाइल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करा, नाहीतर देवनागरीच्या जागी चित्रविचित्र चिन्हं येतील. मोडी ओळीखाली देवनागरी लिप्यंतर असं दाखवलं तर वर्गात फार उपयोगी पडेल.

टाकदौत
सबटायटल्सचं नंतर बघते. ज्यांनी फी भरली त्यांनाच दिसावं यासाठी कुठलं प्लगइन?

नवाकोरा
डाउनलोड-प्रोटेक्शनचं कुठलंही प्लगइन लावा. फाइल फोल्डरमधून थेट न देता लॉगिन तपासून पीएचपीमधून देतं. खरा पत्ता कोणालाच कळत नाही.

सर्व्हरवाला
कृपया हे व्हिडिओसाठी करू नका. दोन कारणं. आयफोन व्हिडिओ मागताना आधी फाइलचा एक लहानसा तुकडा मागतो आणि सर्व्हरने २०६ असं उत्तर देऊन तेवढाच तुकडा द्यावा अशी अपेक्षा ठेवतो. अशी बरीच प्लगइनं २०० देऊन सगळी फाइल ओततात. मग आयफोनवर प्लेअर उघडतो पण चालत नाही, आणि इतरांनाही व्हिडिओ पुढे सरकवता येत नाही. दुसरं, प्रत्येक प्रेक्षकामागे एक पीएचपी प्रोसेस अडकून राहते. बऱ्याच शेअर्ड प्लॅनवर अशा २० च चालतात. पंचवीस जण एकदम बसले की साइटच बंद.

नवाकोरा
रेंज रिक्वेस्ट, म्हणजे तुकड्याची मागणी, सांभाळणारी प्लगइनं आहेत.

सर्व्हरवाला
आहेत, पण ती आयफोनचा प्रश्न सोडवतात, प्रोसेसचा नाही. टाकदौत, वर्गात माणसं किती?

टाकदौत
चाळीस. धडा एकूण ३६ मिनिटांचा, भाग पाडून.

सर्व्हरवाला
८०० किलोबिटने ३६ मिनिटं म्हणजे २१६ एमबी. गुणिले चाळीस, एका धड्याला साडेआठ जीबीच्या वर. २५ फ्रेम केल्यावर अजून थोडं. बॅच पूर्ण होईपर्यंत शेअर्ड होस्टकडून 'जास्त वापर' असं पत्र येऊ शकतं, प्लॅनवर अनलिमिटेड लिहिलेलं असलं तरी. शिवाय क्लाउडफ्लेअरच्या अटींप्रमाणे दुसऱ्या होस्टवरचा व्हिडिओ त्यांच्या साध्या सीडीएनमधून वाटणं बसत नाही. तो त्यांच्या स्ट्रीम या व्हिडिओ सेवेत किंवा आर२ या फाइल-साठवणीत ठेवलेला असावा लागतो.

म्हणून फाइली वेगळीकडे, साइट आहे तिथेच. आर२ मध्ये महिना १० जीबी साठवण मोफत आहे आणि बाहेर जाणाऱ्या डेटाला पैसे नाहीत. तुमचंच एखादं सबडोमेन जोडता येतं. पण तिथला उघडा पत्ता ज्याच्या हाती लागेल त्याला फाइल मिळेल. ठरावीक वेळेनंतर बंद पडणारी, सही केलेली लिंक हवी असेल तर थोडं कोडिंग लागतं. ते जमणार नसेल तर बनी स्ट्रीमसारखी पैसे देऊन घ्यायची सेवा बघा. फाइल चढवली की ती लहानमोठे दर्जे स्वतः बनवते, तुमच्या डोमेनशिवाय दुसरीकडे चालू नये अशी अट घालता येते आणि टोकनची, म्हणजे लिंकसोबत लागणाऱ्या किल्लीचीही सोय आहे. लेखाचं पान मेंबरशिप प्लगइनने बंद ठेवा, व्हिडिओची जबाबदारी प्लगइनवर टाकू नका.

पार्लेपूर्व
यूट्यूबवर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

चाफेकळी
अनलिस्टेड म्हणजे खाजगी नव्हे. लिंक मिळाली की कोणीही बघतो. आणि चॅनेलने जाहिराती मागितल्या नसल्या तरी यूट्यूब त्या दाखवू शकतं. फी भरलेल्या माणसाला अक्षराच्या मधोमध जाहिरात का दाखवायची?

टाकदौत
हँडब्रेकने काढली, ४८ एमबी झाली. मीडिया लायब्ररीतून सरळ चढली. ज्यांना काळं दिसत होतं त्यांना चित्र दिसतंय. पहिली बॅच अशीच चालवते, बनीचं पुढच्या महिन्यात. पण पानावर पाच भाग आहेत आणि ते उघडायला फार वेळ लागतोय.

फितीवाला
प्रत्येक ब्लॉकच्या सेटिंगमध्ये 'प्रीलोड' आहे, ते 'नन' करा. 'ऑटो' असेल तर पाचही फाइली पान उघडताच खेचायला सुरुवात होते. 'नन' केल्यावर चौकट रिकामी दिसते, म्हणून 'पोस्टर'मध्ये त्या भागातल्या पूर्ण लिहिलेल्या ओळीचं चित्र द्या, १२८० बाय ७२०, १०० केबीच्या आत.

सर्व्हरवाला
बॅकअपचं प्लगइन कुठलं? फाइली आता अपलोड्स फोल्डरमध्ये आल्या, त्यामुळे दर बॅकअपमध्ये सगळे धडे जातील आणि शेअर्ड होस्टवर तो अर्ध्यात थांबेल. अपड्राफ्टप्लस असेल तर सेटिंगमध्ये अपलोड्सखाली वगळायच्या नावांची यादी असते, तिथे व्हिडिओचं फोल्डर टाका. मूळ एमओव्ही मात्र बाहेरच्या हार्ड डिस्कवर जपा. पुढे पुन्हा एन्कोड करायची वेळ आली तर ४८ एमबीच्या फाइलवरून करू नका.

नवाकोरा
थोडं अवांतर. व्हिडिओखाली मोडी मजकूर टाइप करता येतो का? की चित्रच लावावं लागतं?

बोरूबहाद्दर
येतो. मोडी युनिकोडमध्ये २०१४ साली, ७.० आवृत्तीत आली. नोटो सॅन्स मोडी हा फॉन्ट मोफत आहे. पण बहुतेकांच्या फोनमध्ये तो नसतो, तेव्हा वेबफॉन्ट म्हणून साइटवरच चढवा, नाहीतर वाचणाऱ्याला नुसते चौकोन दिसतील. आणि कागदपत्रांतली वळणं या फॉन्टमध्ये सापडणार नाहीत, त्यासाठी मूळ कागदाचा फोटो सोबत द्याच.

टाकदौत
अपड्राफ्टप्लसच आहे. फोल्डर वगळलं. प्रीलोड 'नन' केल्यावर पान लगेच उघडतंय.