'लाभार्थी' की 'हक्कदार'?

प्रश्न : सामाजिक सुरक्षेच्या योजनांविषयी लिहिताना 'लाभार्थी' हा शब्द सर्रास वापरला जातो. डाव्या विचारांच्या माझ्या मित्रांचा मात्र 'हक्कदार' लिहिण्याचा आग्रह असतो. या दोन शब्दांत अर्थाचा खरोखर फरक आहे, की तो केवळ भूमिकेचा प्रश्न आहे?

उत्तर : फरक अर्थाचाच आहे, आणि भूमिका त्यातूनच येते. 'विद्यार्थी', 'शरणार्थी' यांप्रमाणे 'लाभार्थी' म्हणजे लाभाची इच्छा धरणारा. संस्कृतात 'अर्थी' म्हणजे याचक. पण न्यायव्यवहारात फिर्याद घेऊन येणाऱ्या वादीलाही 'अर्थी' म्हणत आणि प्रतिवादीला 'प्रत्यर्थी'. म्हणजे मागणे आणि दावा सांगणे या दोन्ही छटा या शब्दात होत्या. 'लाभार्थी'मध्ये आज पहिलीच उरली आहे, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे.

याच्या जोडीला 'धारक' लावून होणारे शब्द पाहावेत : भागधारक, खातेधारक, विमाधारक, निवृत्तिवेतनधारक. ज्याच्याजवळ काही आहे असे आपण मानतो, तो धारक होतो. ज्याच्याजवळ काही नाही असे मानतो, तो अर्थी होतो. उद्योगाला मिळणाऱ्या करसवलतीला 'प्रोत्साहन' म्हणायचे आणि वृद्धेला मिळणाऱ्या मासिक रकमेला 'खिरापत', हा भेदही त्याच जातीचा आहे, कारण दोन्हींचा भार एकाच सार्वजनिक तिजोरीवर पडतो.

ब्रिटनमध्ये 1908 च्या कायद्याने सत्तर वर्षांवरील गरिबांना वर्गणी न भरता आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग निवृत्तिवेतन देऊ केले, परंतु त्यासाठी उत्पन्नाबरोबर वर्तनाचीही अट होती. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील 22 व्या कलमाने मात्र सामाजिक सुरक्षा हा समाजाचा घटक असलेल्या प्रत्येक व्यक्तीचा हक्क मानला. या चाळीस वर्षांत बदलले ते घेणाऱ्याचे स्थान, आणि ते कामगार चळवळींनी झगडून बदलून घेतले. 'लाभार्थी' हा शब्द त्या माणसाला पुन्हा वर्तन तपासणाऱ्यासमोर उभा करतो.

शंका : 'शिधापत्रिकाधारक' हाही धारकच, आणि तो गरीब असतो. शिवाय पैसा करदात्यांचा असताना 'हक्क' म्हणणे अतिशयोक्तीचे नाही का?

उत्तर : 'शिधापत्रिकाधारक'चे उदाहरण अगदी योग्य आहे, गरिबाविषयी बोलतानाही मराठीला लाचारीची छटा टाळता येते, हे त्यावरून दिसते. करदात्यांविषयी म्हणायचे तर, साबण किंवा काडेपेटी विकत घेणारा प्रत्येक जण अप्रत्यक्ष कर भरतो, त्यामुळे 'करदाते' आणि 'लाभार्थी' हे दोन वेगळे समाज आहेत, ही मांडणीच मला मान्य नाही. आणि 'हक्कदार' हा शब्द वतनदारीच्या काळात वंशपरंपरागत हक्क उपभोगणाऱ्यांसाठी रूढ होता. तेव्हा त्यात कोणाला अतिशयोक्ती वाटत नव्हती.

वापराबाबत माझे मत असे : जिथे कायद्याने देय ठरवले आहे आणि ते न मिळाल्यास दाद मागता येते, तिथे 'हक्कदार' लिहावे. जी योजना सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर चालते आणि उद्या बंद झाली तर कोणाला जाब विचारता येत नाही, तिथे 'लाभार्थी' हाच शब्द राहू द्यावा, कारण तिथे 'हक्कदार' लिहिल्याने हक्काचा अभाव झाकला जातो.