केल्टिक नाणी: नक्कल बिघडली की मुद्दाम बदलली?

जुनाबाजार: मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपचं (इ.स.पू. 359–336) सोन्याचं नाणं घ्या. एका बाजूला पानांचा मुकुट घातलेला ग्रीक देव अपोलो, दुसरीकडे दोन घोड्यांचा रथ, खाली फिलिपचं नाव. भाडोत्री लढायला गेलेल्या केल्टांच्या, म्हणजे तेव्हा पश्चिम आणि मध्य युरोपात राहणाऱ्या टोळ्यांच्या, हाती बहुधा ते पगारातूनच आलं. मग गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, आणि पुढे ब्रिटनमध्ये त्याच्या नकला निघाल्या. नकलेची नक्कल होता होता एक घोडा गेला, उरलेल्याचे पाय सांध्यातून निखळले, रथाचं एक चाक तेवढं पोटाखाली लटकतंय. अपोलोचं तर तोंडच नाही, नुसती मुकुटाची पानं! याला लोक अमूर्त कला म्हणतात. मला ही झेरॉक्सची झेरॉक्स वाटते.

कावळा: झेरॉक्स पुसट होते हो, नवीन काही काढत नाही. आर्मोरिकातल्या, म्हणजे आजच्या ब्रिटनीतल्या नाण्यांवर घोड्याला माणसाचं डोकं आहे. ते कुठल्या झेरॉक्समधून आलं? ब्रिटनमधल्या केल्टांनी काशाच्या आरशांच्या पाठीवर कंपासने वेलबुट्टी आखली. हात कच्चा नव्हता.

जुनाबाजार: आरसे करणारा आणि ठसा कोरणारा एकच, हे कशावरून? शिवाय ठसा मोठा आणि सोन्याची चकती लहान, त्यामुळे नाण्यावर चित्राचा तुकडाच उमटायचा. पुढच्या कारागिराला नमुना म्हणून तोच तुकडा मिळाला, तर तो काय डोंबल कोरणार?

छापकाटा: आपल्याकडचंच बघा. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 साली नहपान या क्षत्रप घराण्यातल्या राजाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांवर राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं. नंतरच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर त्या अक्षरांच्या रेघोट्या झाल्या, चेहरा मात्र टिकला. नको ते सुटलं, हवं ते राहिलं. केल्टांना घोडा हवा होता, रथ नको.

जुनाबाजार: अहो, हे तर माझ्याच बाजूने झालं! वाचता न येणारी अक्षरं रेघोट्या होतात, यालाच मी बिघाड म्हणतो. आणि चेहरा जाऊन मुकुट राहिला, तो कुणाला हवा होता?

कावळा: ब्रिटनच्या टासिओव्हानस राजाचं सोन्याचं नाणं काढून बघा. मुकुटाच्या पानांच्या ओळींची सरळ फुली केली आहे, मध्यावर पाठीला पाठ लावून दोन चंद्रकोरी. अशी फुली चुकून पडत नाही.

जुनाबाजार: आत्ता फोटो बघितला. फुली मान्य. घोड्याच्या पायांबद्दल मात्र माझं मत तेच.