पाण्याची ओरड म्हणजे खरंच कावा आहे का?

इरईकाठ: 'जिनिंगवाला' भाऊंनी काल लिहिलं, पाण्याची ओरड हा विदर्भात उद्योग येऊ न देण्याचा कावा आहे. भाऊ, २०१० चा उन्हाळा आठवा. इरई धरणातलं पाणी आटलं आणि त्यावर चालणाऱ्या चंद्रपूर वीज केंद्राचे वीजनिर्मिती संच बंद ठेवावे लागले. कोळसा उशाशी होता, पाणी नव्हतं. संच बंद पडले की उपलब्धता, म्हणजे केंद्र वीज द्यायला किती वेळ तयार होतं ते प्रमाण, घसरते; मग स्थिर आकार, म्हणजे केंद्राचा कायमचा खर्च भरून काढणारी दरातली रक्कम, पुरता वसूल होत नाही. कर्जाचं व्याज मात्र थांबत नाही. तिथं कोणी आंदोलक आडवा आला नव्हता.

जिनिंगवाला: एकच साल किती वर्षं उगाळणार? कोराडीचं वीज केंद्र नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून वापरतं. ५० किलोमीटरच्या आत मलशुद्धीकरण केंद्र असेल तर तेच पाणी घ्या, असं केंद्राच्या २०१६ च्या वीजदर धोरणातच आहे. कारखाने नकोत, तर आमच्या पोरांनी पुण्यालाच जायचं का?

मोर्शीकर: नागपूरजवळ सांडपाणी आहे. आमच्या इकडे अप्पर वर्धा धरणाचं पाणी नांदगाव पेठच्या वीज प्रकल्पाला देल्लं. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पाणीवाटपात उद्योग शेतीच्या आधी होता, शेती वर यायला २०११ उजाडलं. माह्या बोअरले पाणी नाही. संत्र्याची दोनशे झाडं तोडून सरपणात इकली. कंपनीची जोखीम सारे मोजतात, माही काहून नाही मोजत?

कोराडीजवळची ताई: सांडपाण्याचं कौतुक पुरे, राखेचं बोला. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, तेवढी बातमी झाली. आमच्या कापसावर वारं सुटलं की राख बसते, त्याची बातमी होत नाही. वेचताना दुपट्टा तोंडाला बांधते, घरी झटकला की ओटा करडा होतो. मागच्या हंगामात व्यापाऱ्यानं कापूस बोटांत चोळला, बोट मला दाखवलं आणि क्विंटलमागे तीनशे कापले.

जिनिंगवाला: ताई, असा माल मीही कापूनच घेतो. रुईत धूळ राहिली की सूतगिरणी गाठी परत करते. ट्रकचं भाडं माझं, बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं व्याजही माझंच.

कोराडीजवळची ताई: मग तुमचाही तोटाच झाला ना भाऊ! आणि आम्ही बोललो तर कावा?

जिनिंगवाला: 'कावा' हा शब्द मागे घेतो. बाकी एक अक्षर नाही. राखेचा दोष वीज केंद्राचा, सगळ्या उद्योगांचा नाही.

इरईकाठ: दोष त्यांचा, पण गाठी तुमच्या परत आल्या.

जिनिंगवाला: दोन ट्रक आले. मान्य.