सरकारचा 'अधिकार' आणि माणसाचा 'अधिकार' : एकच शब्द कसा चालेल?

वहीवाली
नमस्कार. मी न्यू जर्सीत राहते. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत आणि इथल्या नागरिकत्वाची परीक्षा देणार आहेत. वय झालेलं असेल आणि कायम वास्तव्याची पुरेशी वर्षं भरली असतील, तर नागरिकशास्त्राचा भाग दुभाष्यामार्फत आपल्या भाषेत देता येतो. म्हणून मी दोनशे पानी वहीत सगळी प्रश्नोत्तरं मराठीत उतरवते आहे.

काल उजळणी घेताना विचारलं, "केंद्र सरकारचा एक अधिकार सांगा." त्या म्हणाल्या, "भाषणस्वातंत्र्य." पुढचा प्रश्न, "इथे राहणाऱ्या प्रत्येकाचे दोन अधिकार सांगा." उत्तर आलं, "नोटा छापणं आणि युद्ध पुकारणं." त्यांची काही चूक नाही. इंग्रजीत 'राइट' आणि 'पॉवर' असे दोन वेगळे शब्द आहेत आणि मी दोन्हीकडे 'अधिकार' लिहून ठेवलंय.

खरी पंचाईत इथल्या राज्यघटनेच्या नवव्या आणि दहाव्या दुरुस्तीत होते. दोन्ही १७९१ च्या. नववी सांगते, काही राइट्स इथे नावानिशी लिहिलेत म्हणून लोकांकडचे बाकीचे राइट्स नाकारू नका. दहावी सांगते, ज्या पॉवर्स घटनेने केंद्राला दिल्या नाहीत आणि राज्यांना मना केल्या नाहीत, त्या राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतात. माझ्या वहीत ही दोन्ही वाक्यं जुळ्या भावांसारखी दिसतायत. काय लिहू?

तलाठीकाका
ताई, राइटला सरळ 'हक्क' लिहा. आपल्या संविधानाच्या मराठी प्रतीत 'मूलभूत हक्क' आहे, 'मूलभूत अधिकार' नाही. पण आपणच हा घोळ किती घालून ठेवलाय तेही बघा. शिक्षणाचा 'हक्क', पण माहितीचा 'अधिकार'. बहीण भावाला लिहून देते ते 'हक्कसोडपत्र', पण ज्या जमिनीवरचा हक्क ती सोडते त्या सातबाऱ्याच्या माथ्यावर 'अधिकार अभिलेख पत्रक' छापलेलं. तीस वर्षं हे दोन्ही कागद हाताखालून गेले, हा फरक का, ते मला कोणी सांगितलं नाही.

गीर्वाण
हक्क हा अरबी शब्द आहे. 'अधि' अधिक 'कृ' असा आपला स्वच्छ शब्द असताना तो कशाला? शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी. राइटला अधिकार आणि पॉवरला शक्ती लिहा. हिंदी संविधानात 'शक्ति' आहेच.

रंकाळा
गीर्वाण, 'केंद्राच्या शक्ती' वाचलं की डोळ्यांसमोर रणगाडे येतात. हिंदीत चालतं म्हणून मराठीत चालेल असं नाही.

आणि 'अधिकार' इतका स्वच्छही नाही. जुन्या अर्थाने अधिकार म्हणजे पात्रता. अमक्याला वेदांचा अधिकार आहे, तमक्याला नाही. आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांच्या वेळी वेदोक्ताचं प्रकरण पेटलं ते नेमकं या शब्दावर. छत्रपतींच्या घरचे विधी वेदोक्त मंत्रांनी करायला पुरोहित तयार नव्हते, 'अधिकार नाही' म्हणून! अधिकार कोणीतरी ठरवतं. हक्क माणूस जन्मताना घेऊन येतो. 'हक्काचं घर', 'हक्काचा माणूस', 'हक्काने माग' यांत अधिकार घालून बघा, घशाखाली उतरतो का. जोतीरावांच्या लेखनात 'मानवी हक्क' पुन्हा पुन्हा येतात, आणि १८७३ ची 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. या धाग्यासाठी याहून जवळचा दाखला मला सुचत नाही.

गीर्वाण
हक्क जन्मजात, हे तुमचं आजचं मत झालं. पेशवाईतले कागद वाचा. 'हक्क लवाजिमा' म्हणजे वतनदाराचं उत्पन्न आणि मानपान. पाटलाचा हक्क, देशमुखाचा हक्क. तो वतनाबरोबर यायचा आणि वतन जप्त झालं की जायचा. तेव्हा ठरवणारा दोन्ही शब्दांमागे उभा आहेच.

रंकाळा
हे मात्र मान्य. पण शब्द वतनदाराकडून सामान्य माणसाकडे आला, हीच तर त्याची कमाई आहे.

शाईपेन
हक्क-अधिकार राहू दे. पहिल्या दहा दुरुस्त्यांना एकत्र काय म्हणणार? सगळीकडे 'हक्कांची सनद' वाचलंय, तेच वहीत लिहून टाका.

मांडवीतीर
सनद नको, कळकळीने सांगतो. सनद वरून खाली येते. राजा देतो, रयत घेते. इनामाची सनद असते ती अशी. जेम्स मॅडिसनने या दुरुस्त्यांचा मसुदा मांडला आणि १७९२ मध्ये याच फरकावर एक छोटा लेख लिहिला. युरोपात सत्तेने स्वातंत्र्याच्या सनदा दिल्या, अमेरिकेत स्वातंत्र्याने सत्तेला सनद दिली, असा त्याचा आशय. म्हणजे सनद हवीच असेल, तर ती लोकांनी सरकारला दिलेली म्हणा.

उलट उदाहरण ब्राझीलचं. मी गोव्यात वकिली करतो, जुने कायदे पोर्तुगीजमधून वाचावे लागतात, त्यामुळे तिकडचंही थोडं वाचलं जातं. ७ सप्टेंबर १८२२ ला पोर्तुगालच्याच राजपुत्राने, दों पेद्रूने, तिथे पोर्तुगालपासून स्वातंत्र्य पुकारलं. त्याच वर्षी आमच्या गोव्याचे निवडलेले प्रतिनिधी लिस्बनच्या संसदेसाठी निघाले होते. पेद्रू सम्राट झाला, १८२३ मध्ये त्याने घटना समिती बरखास्त केली आणि २५ मार्च १८२४ ला स्वतःच घटना देऊन टाकली. तिच्यात नेहमीच्या तीन सत्तांवर चौथी, 'नियामक सत्ता', आणि ती सम्राटाच्या हातात. तिथले कायदेपंडित घटनांचे आजही दोन वर्ग करतात, 'प्रोमुल्गादा' आणि 'औतोर्गादा'. पहिली लोकप्रतिनिधींनी केलेली, दुसरी वरून बहाल झालेली. १८२४ ची दुसऱ्या वर्गातली. तिला 'सनद' खुशाल म्हणा.

आणि मराठीला फार दोष देऊ नका. पोर्तुगीजमध्ये 'दिरेइतु' म्हणजे हक्क आणि 'दिरेइतु' म्हणजेच कायदा. स्पॅनिश 'देरेचो'चंही तेच. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत सगळ्यांनी त्याच दुहेरी शब्दावर घटना उभ्या केल्या.

वहीवाली
मांडवीतीर, सनद खोडली. पण पॉवरचं काय करू? 'सत्ता' लिहून पाहिलं. सासूबाईंनी विचारलं, "सत्ता म्हणजे सत्तेवर कोण आहे ते का?"

बाँडपेपर
ताई, 'अखत्यार' लिहा. माझे वडील तहसील कचेरीबाहेर दस्त लिहायचे. गुडघ्यावर लाकडी फळी आणि दौतीखाली टीपकागद. कुलमुखत्यारपत्र लिहिताना आधी पक्षकाराला प्रत्येक काम मोठ्याने विचारायचे. कसायला द्यायची? भाडं वसूल करायचं? कोर्टात सही करायची? विकायची? हो म्हटलं तेवढंच कागदावर यायचं. एकदा एका बाईंनी पुण्यातल्या पुतण्यासाठी पत्र करून घेतलं आणि विकायच्या प्रश्नावर गप्प राहिल्या. वडिलांनी ती ओळ लिहिलीच नाही. पुतण्या चिडला, सगळं एकदम लिहून टाका म्हणाला. वडील म्हणाले, "न लिहिलेलं आत्याबाईंपाशी राहतं."

तुमची दहावी दुरुस्ती मला शब्दशः हीच वाटते. मुखत्यार आणि अखत्यार एकाच अरबी मुळातले, निवडण्याच्या अर्थाचे. केंद्र हे मुखत्यार, पत्रात लिहिलं तेवढाच त्याचा अखत्यार, उरलेलं देणाऱ्याकडे. युद्ध पुकारणं, नोटा छापणं, तह करणं हे केंद्राच्या अखत्यारीत. पोलीस, शाळा, गाडी चालवण्याचा परवाना हे राज्यांच्या. आणि भाषणस्वातंत्र्य कोणाच्याच अखत्यारीत नाही, तो हक्क.

तलाठीकाका
वा. आता अर्थ लागला.

गीर्वाण
दृष्टान्त उत्तम आहे, वडिलांना नमस्कार. पण एका अरबी शब्दाची अडचण सोडवायला दुसरा अरबी शब्द आणला, हे मला पटत नाही. 'अधिकारकक्षा' का नको?

बाँडपेपर
कारण सासूबाईंना दुभाष्यासमोर तो एका दमात म्हणायचाय. शिवाय अडचण आहे दहावीच्या शेवटच्या शब्दांत, 'किंवा लोकांकडे'. लोकांची कुठली आलीय कक्षा?

रंकाळा
मग लोकांचा 'अखत्यार' तरी कानाला बरा लागतो का? तिथे 'सत्ता'च हवी.

शाईपेन
विषय निघालाय म्हणून विचारते, 'अमेरिकेची संयुक्त संस्थाने' हा शब्द कुठे गेला? माझ्या आजोबांच्या नकाशात तोच छापलाय. लहानपणी मला वाटायचं तिथेही सांगली-जमखिंडीसारखे राजे असतील.

तलाठीकाका
संस्थान म्हटलं की राजा आलाच. आमच्या औंधात १९३९ मध्ये राजेसाहेबांनी प्रजेला राज्यघटना दिली. मांडवीतीर, ती तुमच्या 'औतोर्गादा'त बसेल का?

मांडवीतीर
दिली राजाने, पण स्वतःकडचं सोडून दिली. पेद्रूने चौथी सत्ता स्वतःकडे ठेवली. एका खणात टाकायला जीव होत नाही. आणि 'संयुक्त संस्थाने' एकट्या अमेरिकेची नव्हती. मेक्सिकोचं अधिकृत नाव आजही 'मेक्सिकन संयुक्त राज्ये' आहे, ब्राझीलचंही १९६७ पर्यंत त्याच धर्तीचं होतं.

गीर्वाण
'संघराज्य' म्हणा. संस्थान नको आणि संयुक्तही नको.

रंकाळा
संघराज्य म्हटलं की राज्यं वेगवेगळी होती आणि एकत्र आली, हे दिसत नाही. तेरापैकी अकरा वसाहतींनी आधी आपापल्या घटना केल्या होत्या.

वहीवाली
सगळ्यांचे आभार. परवा पुढची उजळणी आहे, म्हणून तूर्त राइटला 'हक्क' आणि केंद्र व राज्यांच्या पॉवरला 'अखत्यार' लिहिलंय. मुखत्यारपत्राची गोष्ट सासूबाईंना एकदा सांगितली आणि लगेच कळली, त्यांच्या माहेरची जमीन तशीच गेली होती. 'किंवा लोकांकडे'पुढे जागा कोरी ठेवलीय. आता पहिल्या दुरुस्तीत अडलेय. 'शांततेने जमण्याचा हक्क' लिहिलं तर त्या म्हणतात, "काय जमण्याचा?" आणि 'जमाव' लिहिलं की जमावबंदी आठवते. काय लिहू?

तलाठीकाका
'सभा' लिहा.

रंकाळा
सभा नको. सभेला व्यासपीठ लागतं, चारजण पारावर बसले तर ती सभा नाही.