मदत हवी आहे: वर्गातल्या टाकीत रोहूची पिल्लं सकाळी वर येऊन तोंड वासतात

सोलापूरच्या उन्हात थंड पाण्यातला ट्राउट मासा टिकणार नाही, म्हणून सातवीच्या वर्गात रोहूचं बीज वाढवतोय. टाकी १०० लिटरची, इंचभराची ४० पिल्लं, नवा स्पंज फिल्टर, एअर पंप. खाद्य शेंगपेंड आणि भाताचा कोंडा, चाळून. (मुलं गुपचूप बिस्किटं टाकतात ते वेगळंच.) पाणी बोअरचं, पीएच ८.४ (म्हणजे अल्कधर्मी), अमोनिया (विष्ठा आणि उरलेल्या खाद्यातून होणारं विष) १ पीपीएम. एवढ्या पीएचला अमोनिया जास्तच बाधतो, म्हणून खाद्य निम्मं केलंय, रोज २० लिटर पाणी बदलतोय. रात्री वीज गेली की पंप बंद.

जुन्या, चालू टाकीतला मुरलेला स्पंज (अमोनिया संपवणारे जिवाणू बसलेला) कुणी देईल का? रात्रभर टिकणारा बॅटरीचा पंप कोणता घ्यावा? बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) झाल्यावर शेततळ्यात सोडायचीत. तोवर ४० पिल्लं जास्त होतात का?