त्रास नसतानाची तपासणी

‘काही त्रास नसेल तर गर्भाशयमुखाची तपासणी कशाला?’ असे अनेकदा विचारले जाते; त्याच्या उत्तरात थोडी भर घालते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापूर्वीचे पेशींमधील बदल बहुधा काही वर्षे लक्षणांविना चालू असतात आणि उपचार सर्वांत सोपे असतात ते याच काळात. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८पासून मुंबईच्या वस्त्यांत केलेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी (डॉक्टरांनी नव्हे, हे मला विशेष वाटते) दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल लावून केवळ डोळ्यांनी पाहणी केली, आणि तपासणी झालेल्या स्त्रियांच्या गटात, न झालेल्यांच्या तुलनेत, या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी कमी झाले. मात्र आम्ल लावल्यावर पांढरा डाग दिसणे म्हणजे कर्करोग नव्हे, पुढील तपासणी हवी एवढेच, हे स्त्रीला आधीच सांगायला हवे; नाहीतर पुष्कळजणी भीतीपोटी परत येतच नाहीत.