प्लाझ्मावोर: रक्तपिपासू राक्षसी, की खोट्या ओळखीवर वावरणारी फरार आरोपी?

सायंतारा (मूळ मुद्दा)

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेत रक्त पिणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. तरीही मला त्यांतली सर्वांत भयंकर वाटते ती ३१ मार्च २००७ रोजी दाखवलेल्या भागातली, फ्लॉरेन्स फिनेगन या नावाने लंडनच्या रुग्णालयात दाखल झालेली म्हातारी. ज्यांनी तो भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अख्खे रुग्णालय, आतल्या सुमारे हजार माणसांसह, चंद्रावर उचलून नेले जाते. मग गेंड्याच्या तोंडाचे ‘जुडून’ नावाचे भाडोत्री पोलीस तेथे उतरतात आणि एकेकाच्या तोंडासमोर यंत्र धरून, जो माणूस ठरेल त्याच्या हातावर मार्करने फुली मारत सुटतात. पृथ्वीवर त्यांचा अधिकार चालत नाही, म्हणून ही उचलाउचल. त्यांना हवी असते एका बालराजकन्येच्या खुनातली आरोपी. ती असते प्लाझ्मावोर जातीची, आणि तपासणीची पाळी येण्यापूर्वीच तिने एका ज्येष्ठ डॉक्टरांचे रक्त शीतपेयाच्या नळीने पिऊन घेतलेले असते. (त्यांचे आडनाव स्टोकर, म्हणजे ‘ड्रॅक्युला’ ही रक्तपिपासूची कादंबरी लिहिणाऱ्या ब्रॅम स्टोकर यांचेच; लेखक रसेल टी. डेव्हिस यांना ही गंमत आवरली नसावी.) यंत्र तिच्याकडे वळते आणि ‘माणूस’ असा निर्वाळा देते. तिच्याही हातावर फुली पडते.

माझे म्हणणे असे की इतर मायावी प्राणी चेहरा बदलतात, ही मात्र चेहरा आहे तसाच ठेवून आतून बदलते. नायकाच्याही ते उशिरा लक्षात येते, की ती रक्त नुसते पीत नव्हती, ते अंगी मुरवून घेत होती. म्हणजे तिच्या लेखी रक्त हा खोटा दाखला आहे, आणि ती जेथे लपते ती जागा म्हणजे तपासणी करणाऱ्या यंत्राचा स्वतःवरचा विश्वास. सुळ्यांची भीती दार लावून घेतले की ओसरते. या भीतीला दार लावता येत नाही, कारण ती रांगेत आपल्याच पुढे उभी असते.

तिरकस

मांडणी आकर्षक आहे, पण ती मालिकेपेक्षा आपली अधिक आहे, असे मला नम्रपणे म्हणावेसे वाटते. रक्त हा जर केवळ दाखला असेल, तर त्या राजकन्येला मारण्याचे कारण काय? तेथे कोणापासून लपायचे नव्हते. फिनेगनबाई स्वतःच सांगतात की त्या मुलीचे गुलाबी गाल, सोनेरी कुरळे केस आणि लाडिक बोलणे त्यांना सहन झाले नाही. स्टोकरांची निवड करतानाही त्या उंची मद्ये आणि महागड्या उपाहारगृहांतल्या सॉसवर पोसलेल्या खारट चरबीचे ज्या चवीने वर्णन करतात, ते ऐकून कोणी दाखला काढायला निघाले आहे असे वाटत नाही. कोणी पंगतीला बसले आहे असे वाटते. तेव्हा ती रक्तपिपासूच आहे, आणि वेषांतर हा तिचा जोडधंदा आहे.

दुसरे असे की आपण ‘जात’ म्हणता, परंतु पडद्यावर आपल्याला एकच व्यक्ती दिसते. तिचा मूळ देह कसा असतो, तिच्या जातीतली सगळीच अशी असतात का, याविषयी तो भाग अवाक्षर काढत नाही. एका आरोपीवरून अख्ख्या जातीला राक्षस ठरवणे ही जुडूनांची पद्धत झाली; प्रेक्षकांनी ती उचलू नये.

आणि ती नळी! सोबत शीतपेयाची नळी घेऊन हिंडणाऱ्या राक्षसीला मी घाबरू शकत नाही.

सूक्ष्मदर्शक

मी रक्तपेढीत काम करतो, त्यामुळे या भागाकडे जरा वाकड्या नजरेनेच पाहिले. प्यालेले रक्त जठरात जाते आणि तेथे त्याचे जे व्हायचे ते पचन होते. पिणाऱ्याच्या शिरांमधले रक्त त्यामुळे बदलत नाही. शिरेवाटे दिलेल्या रक्तानेही घेणाऱ्याची ओळख बदलत नाही. उलट चुकीच्या गटाची पिशवी लागली तर शरीर त्या पेशी फोडून टाकते. म्हणून तर पिशवी देण्याआधी आम्ही दात्याच्या तांबड्या पेशी आणि रुग्णाचे सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा निवळ द्रव) एकत्र करून, परीक्षानळी हलक्या हाताने तिरपी करत गुठळ्या धरतात का ते पाहतो. त्याला आम्ही क्रॉसमॅच म्हणतो. प्लाझ्मावोरचे शरीर दुसऱ्याचे रक्त आपले म्हणून स्वीकारते, ही खरी अद्भुत गोष्ट आहे. रूप बदलणे त्यापुढे काहीच नाही.

राहिली नळी. खरे रक्तभक्षी वटवाघूळही रक्त ओढून घेत नाही. दातांनी बारीक खाप पाडते आणि वाहणारे रक्त जिभेने चाटते. त्याच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते. ते नसेल तर जखमेतले रक्त काही मिनिटांत साकळू लागते. फिनेगनबाईंना एवढ्या निवांतपणे नळी लावून बसता येते, ते कसे? हा प्रश्न मात्र मला आजही छळतो.

सायंतारा

राजकन्येचा मुद्दा मान्य. मी तो सोयीस्करपणे वगळला होता. परंतु त्यामुळे माझे म्हणणे मोडते असे नाही. पोटासाठी मारणाऱ्या वाघाला आपण गुन्हेगार म्हणत नाही. फिनेगनबाईंनी चिडून मारले, म्हणजे त्या प्राणी म्हणून नव्हे, तर व्यक्ती म्हणून दोषी ठरतात. जुडूनांना मात्र व्यक्तीशी कर्तव्य नाही. त्यांचे यंत्र ‘तू काय केलेस’ हे विचारत नाही, ‘तू कोण आहेस’ एवढेच विचारते. आणि त्या निकषावर नायकही सापडला असता, कारण तोही माणूस नाही. त्यांच्या अंगावर फुलदाणी घालणाऱ्या एका घाबरलेल्या माणसाची त्यांनी जागच्या जागी राख केली, हेही विसरू नये.

जुना प्रेक्षक

मला हे सगळे ऐकताना २०१० सालचा व्हेनिसचा भाग आठवतो, आणि माझ्या मते खरी उंची तेथे गाठली गेली आहे. १५८० सालच्या व्हेनिसमध्ये रोझाना काल्व्हिएरी ही श्रीमंत बाई मुलींची शाळा चालवते. प्रत्यक्षात ती सॅटर्नाइन या ग्रहाची मत्स्यवर्गीय जलचर असते, आणि कालव्याच्या पाण्यात वाढणाऱ्या आपल्या हजारो मुलग्यांना बायका मिळाव्यात म्हणून, मुलींचे रक्त काढून त्या जागी आपल्या जातीचे रक्त भरत असते. तिचे शरीर बदलत नाही. तिच्याजवळचे यंत्र पाहणाऱ्याच्या मेंदूला चकवते. तरी हल्ला होताना दात दिसतातच, कारण जीव वाचवण्याची ऊर्मी त्या भुलीवर मात करते. रक्तपिपासूंचे सुळे आणि आरशातली अनुपस्थिती यांचा इतका नेटका उलगडा मी अन्यत्र पाहिलेला नाही. शिवाय तिला दुःख आहे: जात संपत चालली आहे, आणि ती आई आहे. फिनेगनबाईंना काय आहे? राजकन्येच्या कुरळ्या केसांचा राग.

सायंतारा

आपण दिलेले उदाहरण माझ्याच पथ्यावर पडते. रोझानाचे यंत्र बिघडते, माणसाचे रूप उतरता उतरत नाही, आणि त्याच रूपात ती कालव्यात उडी घेते तेव्हा तिचीच मुले तिला माणूस समजून फाडून खातात. फिनेगनबाईंचा शेवटही असाच होतो. नायक आपण साधे रुग्ण असल्याचे सोंग करून, जुडून आता अधिक बारीक तपासणी करणार असल्याची थाप मारतो, आणि त्या घाईघाईने त्याचेच रक्त पितात. मार्था नावाची शिकाऊ डॉक्टर यंत्र हिसकावून त्यांच्यावर रोखते, आणि निकाल येतो: ‘माणूस नाही’. हातावर फुली असलेली बाई आपल्या शेवटच्या घोटाने पकडली जाते. दोघींनाही मारले ते त्यांच्या वेषानेच. फरक एवढाच की रोझानासाठी आपण हळहळतो.

तिरकस

हे साम्य माझ्या ध्यानात आले नव्हते, आणि त्यासाठी मी तो भाग पुन्हा पाहिला. एक भर घालतो: पकडले जाण्याआधी बाई एमआरआय यंत्र पन्नास हजार टेस्लापर्यंत (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचे एकक) चढवून ठेवतात. रुग्णालयात एरवी दीड किंवा तीन टेस्लाची यंत्रे असतात. अडीच लाख मैलांच्या टप्प्यातला प्रत्येक जीव मारण्याचा हा बेत, आणि चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर, म्हणजे सुमारे २,३९,००० मैलांवर आहे, हे पाहता पृथ्वीची चंद्राकडची बाजू त्यात येते. पळून जाण्यासाठी अर्धी पृथ्वी मारायला निघालेल्या बाईला केवळ ‘फरार आरोपी’ म्हणणे मला अजूनही जड जाते. लेखकाने हा हिशेब मात्र चोख ठेवला आहे, एवढे मान्य करतो.

नळीबद्दलचे माझे मत तेच आहे.